उरलेले पैसे आधी कोर्टात भरा, मग जमीन मागा

८ लाख २५ हजार. आमच्या मामांच्या गावात आज एवढ्या पैशात धड एक गुंठा येत नाही. पण कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे एवढेच पैसे घेऊन मामीने दीड एकराचं खरेदीखत करून द्यायचंय. गाव पुण्याच्या पूर्वेला, नाव सांगत नाही, केस अजून चालू आहे.

झालं असं की २००५ च्या मे महिन्यात मामांना पैशाची नड होती, सोसायटीचं कर्ज थकलेलं आणि घराच्या भिंती उभ्या राहून स्लॅब अडकलेला. गावातल्याच ओळखीच्या एका एजंटने सहा लाख एकर असा रेट ठरवला, म्हणजे नऊ लाख. त्यातले ७५ हजार इसार दिला आणि रजिस्टर साठेखत, म्हणजे पुढे जमीन विकायचा करार, केला, मुदत अकरा महिन्यांची. मामांनी करायच्या गोष्टी दोन, मोजणी आणि मावशीचं हक्कसोडपत्र. मामांनी दोन्ही केलं. मग एजंटला निरोप धाडला की ये बाबा, पैसे आण, खरेदीखत उरकून टाकू. तो म्हणाला पार्टी येतीये, दिवाळीनंतर बघू. मग म्हणाला पार्टीचं लोन अडकलंय. अकरा महिने गेले, वर्ष गेलं. मामांनी धरून चाललं की व्यवहार मोडला, इसार बुडाला तो त्याचा, आपण आपली ज्वारी पेरू. चूक एकच झाली, आणि ती मोठी होती. हे सगळं तोंडी राहिलं, मुदत संपल्यावर रजिस्टर पोस्टाने एक नोटीस पाठवायची ती पाठवली नाही. गावात कोण कोणाला नोटीस पाठवतं.

मार्च २००९ मध्ये समन्स आलं. साठेखताची मुदत एप्रिल २००६ ला संपलेली, दावा लावायला कायद्याने तीन वर्षं मिळतात, ती संपायला महिना उरला असताना माणूस कोर्टात गेला. दाव्यात लिहिलेलं की वादी करारातला आपला भाग पुरा करायला सदैव तयार आणि राजी होता व आहे. मधल्या काळात आजूबाजूला कंपन्यांची गोडाऊन आली होती आणि रेट कुठल्या कुठे गेलेला. २०१६ ला निकाल त्याच्या बाजूने लागला, २०२२ ला जिल्हा कोर्टात आमचं अपील फेटाळलं, आता हायकोर्टात सेकंड अपील आहे आणि स्टे आहे. मामा २०२० ला गेले. मामी आणि दोन मामेभाऊ वारस म्हणून रेकॉर्डवर आहेत. जमिनीवर कर्ज मिळत नाही, विकता येत नाही, विहीर खोल करायला पण जीव धजत नाही कारण उद्या कोणाची होणार माहीत नाही.

मला हे नातेवाईकाचं रडगाणं म्हणून सांगायचं नाहीये. या केसमुळे मी गेली काही वर्षं हा विषय वाचतोय, वकिलांशी बोलतोय, कोर्टाच्या व्हरांड्यात बसून दुसऱ्यांच्या केसेस ऐकतोय, आणि माझं मत असं झालंय की साठेखताच्या दाव्यांमध्ये एकच गोष्ट बदलली तरी निम्मी भांडणं जन्मालाच येणार नाहीत. ज्याला जमीन पाहिजे त्याने दावा दाखल करतानाच ठरलेल्या किमतीतले उरलेले सगळे पैसे कोर्टात भरावेत. दावा दाखल, त्याच दिवशी पैसे जमा. आज कायदा बरोबर याच्या उलट सांगतो.

आधी थोडं कायद्याचं, कारण बऱ्याच लोकांना वाटतं साठेखत झालं म्हणजे जमीन आपली झाली. नाही होत. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम ५४ मध्ये स्वच्छ लिहिलंय की विक्रीच्या कराराने त्या मालमत्तेत स्वतःहून कुठलाच हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. मालकी बदलते ती खरेदीखत रजिस्टर झाल्यावरच. २०११ मध्ये सुरज लॅम्पच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा हेच ठणकावलं, साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र करून जी विक्री दाखवतात ती विक्री नाही. मग साठेखताने मिळतं काय तर समोरच्याकडून खरेदीखत करून मागायचा अधिकार. तो देत नसेल तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याखाली दावा, ज्याला कोर्टात सगळे स्पेसिफिक परफॉर्मन्स म्हणजे करारपूर्ती म्हणतात. कोर्ट म्हणू शकतं की शब्द दिलास ना, आता खरेदीखत करून दे, आणि नाही दिलं तर कोर्टाचा माणूस तुझ्या वतीने सही करेल.

बाकीच्या करारांमध्ये सहसा नुकसानभरपाई देऊन विषय संपायचा, मग जमिनीलाच हे वेगळं का? कारण कायद्याने जुन्या काळापासून असं धरलंय की जमिनीची भरपाई पैशात होत नाही, प्रत्येक जमीन वेगळी असते, ही गेली तर अशीच दुसरी मिळणार नाही. तत्त्व म्हणून मला हे पूर्ण पटतं. पण हे फक्त घेणाऱ्याच्या बाजूने मोजलं जातं हे विचित्र आहे. त्या एजंटला आमच्या मामांचीच दीड एकर का पाहिजे होती? त्याला तिथे राहायचं नव्हतं की पेरायचं नव्हतं, तो 'पार्टी' शोधत होता. त्याच्यासाठी ती जमीन म्हणजे निव्वळ रेट होता, त्याचं नुकसान पैशात अगदी रुपया-आण्यापर्यंत मोजता आलं असतं. वेगळी, एकमेव, परत न मिळणारी होती ती मामांसाठी. आजोबांनी खोदलेली विहीर तिथे आहे, बांधावरची चिंच तिथे आहे.

आता वेळेचा प्रश्न. कायद्यात अजून एक गृहीतक आहे की स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हा सहसा कराराचा प्राण नसतो, म्हणजे अकरा महिने लिहिले आणि चौदा झाले म्हणून करार मेला असं नाही. डिसेंबर १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे तत्त्व कायम ठेवलं पण सोबत सांगितलं की तरी वाजवी वेळेत काम झालं पाहिजे. दिल्लीतल्या एका घराची ती केस होती, करार १९७१ चा, दहा दिवसांत ९८ हजार द्यायचे ठरलेले ते दिले नाहीत, आणि घेणारा हरला. पण हरायला जिंकायला एकवीस वर्षं गेली. मग १९९७ मध्ये न्या. जीवन रेड्डींनी तामिळनाडूच्या एका केसमध्ये फार सरळ गोष्ट लिहिली. ६० हजारांचा सौदा, ५ हजार इसार, सहा महिन्यांची मुदत, आणि त्यानंतर घेणारा जवळजवळ अडीच वर्षं गप्प बसलेला आणि तेवढ्यात भाव तिपटीच्या घरात गेलेला. कोर्ट म्हणालं की मुदत महत्त्वाची नाही हे तत्त्व जमिनीचे भाव स्थिर होते त्या काळातलं आहे, आता भाव असे वाढतायत तर डोळे मिटून ते लावता येणार नाही. २०११ मध्ये न्या. रवींद्रन यांनी हेच अजून पुढे नेलं, की थोडासा इसार देऊन रेंगाळायचं आणि भाव चढल्यावर जुन्या भावात जमीन मागायची हे चालू द्यायचं का याचा फेरविचार करायची वेळ आलीय.

म्हणजे सुप्रीम कोर्टाला रोग कळलेला आहे, आज नाही, १९९७ पासून कळलेला आहे. पण तालुक्याच्या कोर्टात प्रत्येक केस आपल्या पुराव्यावर चालते आणि तिथे 'तयार आणि राजी' या तीन शब्दांवर सगळा खेळ असतो. तयार म्हणजे खिशात पैसे असणं, राजी म्हणजे वागण्यातून इच्छा दिसणं. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १६ म्हणतं की वादीने हे सिद्ध केलं पाहिजे. आणि लगेच त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की कोर्टाने सांगितल्याशिवाय पैसे प्रत्यक्ष देऊ करायची किंवा कोर्टात जमा करायची गरज नाही. माझं भांडण या एका स्पष्टीकरणाशी आहे.

कारण यामुळे होतं काय, माणूस साक्षीला उभा राहतो आणि सांगतो माझ्याकडे पैसे होते. पासबुक दाखवा म्हटलं तर म्हणतो भावाकडून घेणार होतो, सोनं मोडणार होतो, दुसरी जमीन विकणार होतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात म्हटलंय की नुसतं तोंडी चालणार नाही, पैसे होते याचा पुरावा पाहिजे. ठीक आहे, पण तो पुरावा तपासला जातो दावा लागल्यानंतर सात-आठ वर्षांनी, उलटतपासात, जेव्हा कोणाला काही आठवत नाही आणि बँकेकडे जुनी स्टेटमेंट नसतात. आमच्या केसमध्ये त्याने कुठल्यातरी फर्मचे हिशोब दाखवले, कोर्टाला ते पटले. मी निकालावर बोलत नाही, अपील चालू आहे. मी म्हणतोय की २००९ च्या मार्चमध्ये ८ लाख २५ हजारांचा चेक कोर्टात लावायला सांगितलं असतं तर उलटतपासाची गरजच नव्हती, तयारी आहे की नाही ते त्याच दिवशी दिसलं असतं.

यावर मला नेहमी सांगतात की तू विकणाऱ्याच्या बाजूने बोलतोयस, घेणारे पण फसतात. फसतात, आणि वाईट फसतात. आमच्या शेजारी एक एसटी कंडक्टर राहायचे, आता रिटायर झालेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी २०१२ ला घर बांधायला एनए प्लॉट घेतला, बारा लाखांचा सौदा, पीएफमधून आणि काकूंचे दागिने मोडून टप्प्याटप्प्याने दहा लाख दिले, बाकी दोन लाख खरेदीखताच्या दिवशी. साठेखत नोटरी केलेलं, रजिस्टर नाही, कारण कोणीतरी सांगितलं नोटरी पण चालते, स्टॅम्प वाचेल. विकणाऱ्याने तोच प्लॉट २०१४ ला दुसऱ्याला अठरा लाखांना रजिस्टर खरेदीखताने विकून टाकला. काका तेव्हापासून कोर्टात आहेत. हा कायदा काकांसाठीच आहे. शब्द देऊन, दहा लाख घेऊन पाठ फिरवणाऱ्या माणसाला कोर्टाने हात धरून सहीला बसवलंच पाहिजे, त्याला 'पैसे परत घे' म्हणून सोडून देणं म्हणजे चोरीच्या मालाची किंमत ठरवण्यासारखं आहे.

आता काकांना माझा नियम लावून बघा. दाव्याच्या दिवशी त्यांना भरायचे होते दोन लाख. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी भरले असते, म्हणाले पण मला, अरे तेव्हा पैसे हातातच होते, कोर्टाने घेतले असते तर बरंच झालं असतं, नंतर आजारपणात गेले. आणि तोच नियम एजंटला लावा, त्याला भरायचे होते सव्वाआठ लाख, जे तो पार्टी आल्यावर पार्टीच्या खिशातून देणार होता. ज्याने जास्त पैसे दिलेत त्याला हा नियम हलका जातो आणि ज्याने चिमूटभर इसारावर जमीन अडकवलीय त्याला जड जातो. वेगळा तपास नको, कोणाच्या मनात काय होतं ते शोधत बसायला नको.

होम लोनचं काय, असं एका वकील मित्राने विचारलं, आणि हा खरा प्रश्न आहे. नोकरदार माणसाचे उरलेले पैसे बँक देणार असते आणि वादातल्या मालमत्तेवर बँक छदाम सोडत नाही. अशा माणसाकडे कराराच्या मुदतीतलं बँकेचं मंजुरीपत्र असेल तर ते तयारीचा पुरावा धरावं आणि कोर्टाने ठरवून दिलेला एक हिस्सा, समजा चौथाई, भरून घ्यावा, बाकीसाठी हप्ते द्यावेत. एवढी मोकळीक न्यायाधीशाला असू दे. फक्त मूळ नियम 'भरा' असा पाहिजे आणि सूट मागावी लागली पाहिजे. आज मूळ नियम 'भरायची गरज नाही' असा आहे आणि भरायला लावायचं तर विकणाऱ्याला अर्ज करत बसावं लागतं, तो अर्ज सुनावणीला यायलाच वर्ष जातं.

जमा झालेली रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीला राहावी. घेणारा जिंकला तर मुद्दल आणि व्याज दोन्ही विकणाऱ्याला मिळावं, म्हणजे निदान वर्षानुवर्षांच्या वाटेचं काहीतरी पदरात पडेल, आठ टक्क्यांनी पैसे नऊ वर्षांत दुप्पट होतात. घेणारा हरला तर त्याचे पैसे व्याजासकट त्याचे त्याला. एवढ्याने जमिनीचा भाव भरून निघत नाही हे मला कळतं. त्यासाठी कोर्टाला जादा रक्कम द्यायला लावायचा अधिकार पाहिजे, आणि २००२ मध्ये मुंबईच्या एका फ्लॅटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसं केलेलं आहे, की करारपूर्ती देऊ पण भाव वाढलाय तर वाजवी जादा रक्कम भरा. तो मार्ग कायद्यात लिहूनच टाकावा, न्यायाधीशाच्या स्वभावावर ठेवू नये.

हे सगळं आता जास्त तातडीचं झालंय ते विशिष्ट अनुतोष कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीमुळे. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली ती. त्याआधी कलम २० होतं, करारपूर्ती द्यायची की नाही हा कोर्टाचा विवेक होता. करार कायदेशीर असला तरी विकणाऱ्यावर त्याने कल्पनेपलीकडचं संकट येणार असेल आणि घेणाऱ्याचं तसं काही बिघडणार नसेल तर कोर्ट नाही म्हणू शकत होतं. दुरुस्तीने ते कलमच काढलं, आता बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील तर कोर्टाने करारपूर्ती दिलीच पाहिजे असा नियम झाला. ही दुरुस्ती आली कुठून तर धंदा करायची सुलभता वाढवायची म्हणून. वर्ल्ड बँकेच्या यादीत करार अंमलात आणण्याच्या बाबतीत भारत १६० च्या पुढे कुठेतरी होता, ते सुधारायचं होतं, रस्ते, पूल, बंदरं यांच्या ठेक्यांना कोर्टाच्या स्टेमधून वाचवायचं होतं. ते उद्देश चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण कंपनी-कंपनीच्या कराराचा विचार करून केलेला नियम तसाच्या तसा सातबाऱ्यावर येऊन बसला, आणि ज्याच्याकडे वकील नव्हता, ज्याने साठेखत एजंटच्या माणसाकडून लिहून घेतलं, त्याचा शेवटचा आधार गेला. सरसकट विवेक परत आणा असं पण मी म्हणणार नाही, कारण त्याच विवेकाने काकांसारख्यांना पण कधीकधी 'पैसे परत घ्या' म्हणून घरी पाठवलेलं आहे. पण विवेक काढायचा होता तर त्याच्या जागी ठोस चाळणी लावायला पाहिजे होती. ती लावलीच नाही.

त्याच दुरुस्तीत कलम २०सी आहे, या कायद्याखालचा दावा समन्स बजावल्यापासून १२ महिन्यांत निकाली काढायचा, फार तर अजून ६ महिने. हे सगळ्या दाव्यांना आहे. कुठल्याही तालुका कोर्टात जाऊन विचारा की असा दावा अठरा महिन्यांत संपलेला कोणी पाहिलाय का. जिल्हा आणि तालुका कोर्टांत देशभरात चार कोटींच्या वर केसेस पडून आहेत, तिथे न्यायाधीश तरी काय करणार, रोजच्या बोर्डावर शंभरच्या आसपास नंबर लागलेले असतात. म्हणून मला मुदत घालणाऱ्या कलमांवर भरवसा नाही. पैसे भरायची अट मात्र केस कितीही लांबली तरी आपलं काम करत राहते, कारण ज्याचे आठ लाख कोर्टात अडकलेत तो स्वतःच तारखा मागायचं बंद करतो. आज तारीख लांबली की वादीचा फायदा आहे, जमिनीचा भाव चढतो आणि त्याला द्यायचे पैसे तेवढेच राहतात.

एका ठिकाणी माझा नियम कमी पडतो ते पण सांगतो. सावकारी. मराठवाडा, विदर्भात आणि आमच्याकडे पण, व्याजाने पैसे देताना तारण म्हणून साठेखतच करून घेतात, कधी सरळ खरेदीखत. दोन लाख द्यायचे, कागदावर जमिनीचा सौदा दाखवायचा, पैसे फिटले नाहीत की त्या कागदावर दावा. सावकाराकडे पैसे असतातच, तो कोर्टात भरेल. तिथे वेगळी वाट आहे. कागदावर विक्री लिहिली असली तरी तो व्यवहार मुळात विक्रीचा नव्हताच, नुसता दिखावा होता, हे तोंडी पुराव्याने दाखवता येतं, सुप्रीम कोर्टाने १९८१ लाच महाराष्ट्रातून गेलेल्या एका केसमध्ये हे मान्य केलंय. आणि २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे, त्याच्या कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, बेकायदा सावकारीतून गेलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, परत मिळू शकते. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी नुसतं दिवाणी कोर्टात कैफियत देऊन बसू नये, हा अर्ज पण करावा.

आता रजिस्ट्रेशन. काकांचं सगळं गाडं अडकलं ते तिथे. नोटरीचं साठेखत दाव्यात पुरावा म्हणून चालतं, हे खरं आहे, पण त्याची खबर जगाला लागत नाही. रजिस्टर असतं तर दुसरा घेणारा 'मला माहीत नव्हतं' असं म्हणू शकला नसता, सर्चमध्येच दिसलं असतं. आणि महाराष्ट्रात अजून एक खास गोष्ट आहे जी काकांच्या पहिल्या वकिलांनी केली नाही. बाकी बऱ्याच राज्यांत दावा चालू असताना जमीन विकली तर घेणाऱ्याला निकाल आपोआप बांधील असतो, पण आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीने ठरवलंय की त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलेली पाहिजे. लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात तिला. नुसतं पेपरात जाहीर नोटीस देऊन ते काम होत नाही. दावा लागला की त्याच आठवड्यात हे करा, आणि तुमचे वकील विसरले असतील तर त्यांना आठवण करून द्या.

साठेखत रजिस्टर करणं सगळ्यांनाच सक्तीचं का नाही हे मला कळत नाही. बिल्डरला रेरा कायद्याने रजिस्टर करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. तामिळनाडूने २०१२ मध्ये विक्री कराराची नोंदणी सक्तीची केली. उत्तर प्रदेशने तर १९७६ लाच. आपल्याकडे ताबा न देता केलेलं शेतजमिनीचं साठेखत पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीच्या शिक्क्याने होतं आणि एकाच गटाची तीन साठेखतं तीन जणांच्या कपाटात सापडतात. इथे पण दोन ओळींची दुरुस्ती पुरते, सोबत अशा नोंदणीची फी नाममात्र ठेवायची, म्हणजे लोक पळवाटा शोधणार नाहीत.

आणि जाता जाता दावा लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण यात साधे लोक फार मार खातात. दाव्यात 'खरेदीखत नाही तर निदान इसार व्याजासह परत द्या' ही पर्यायी मागणी लिहायला विसरू नका. कलम २२ प्रमाणे ती मागितलेली असावी लागते, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की मागितलेली नसेल तर कोर्ट आपण होऊन देणार नाही. कित्येकांची जमीन पण गेली आणि दिलेले पैसे पण गेले ते या एका न लिहिलेल्या ओळीमुळे.

राहिला प्रश्न हे बदलणार कोण. विशिष्ट अनुतोष कायदा केंद्राचा आहे, तेव्हा दिल्लीला पत्रं लिहा, असं आमच्या आमदारांच्या ऑफिसात मला सांगितलं. पण करार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, आणि शेतजमिनीचे करार तर त्यातून मुद्दाम वगळलेत, शेतजमिनीचं हस्तांतरण राज्यसूचीत आहे. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने लिस पेंडन्सचं कलम बदललं, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेशने नोंदणीचं बदललं, सगळे केंद्राचेच कायदे होते. महाराष्ट्राची विधानसभा कलम १६ खालचं ते स्पष्टीकरण आपल्यापुरतं बदलू शकते, गरज पडली तर राष्ट्रपतींची संमती घेऊन. निदान शेतजमिनीपुरतं तरी करा. तुमच्या आमदारांना हे विचारा, कलमाचा आकडा सांगून विचारा.

मामांच्या केसला याचा काही उपयोग नाही, ती २००५ ची आहे आणि जुन्या कायद्यानेच संपेल. पण आत्ता पुण्याच्या रिंगरोडच्या कडेने, पनवेल-उरणकडे विमानतळाच्या आजूबाजूला रोज साठेखतं होतायत, अकरा-अकरा महिन्यांची, पाच-दहा टक्के इसारावर. यावर्षी झालेल्यांची मुदत पुढच्या वर्षी संपेल आणि त्यांचे दावे त्यानंतरच्या तीन वर्षांत लागतील, म्हणजे दुरुस्ती करायला हातात वेळ तेवढाच आहे.